पडद्यावरचे नायक आणि विस्मृतीतले जालना

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव १ सप्टेंबर २०२३ पर्यंत महाराष्ट्राला फारसे ठाऊक नव्हते. त्या दिवशी तेथे उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला आणि पाहता पाहता वृत्तवाहिन्यांच्या गाड्यांची रांग गावाच्या वेशीपर्यंत लागली. पुढच्या जून महिन्यात, म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आत, त्या आंदोलनाच्या नेत्यावरील मराठी चित्रपट प्रदर्शितही झाला. आंदोलनाच्या मागणीविषयी कोणाचे काहीही मत असो, प्रश्न निराळा आहे. ज्या चित्रपटसृष्टीला जालना जिल्ह्यातील एक घटना नऊ-दहा महिन्यांत पडद्यावर आणता येते, तिला त्याच जिल्ह्याने १९४७-४८ साली भोगलेली तेरा महिन्यांची यातना पाऊणशे वर्षांत का दिसू नये?

उत्तर कटू आहे, पण सोपे आहे. पडदा इतिहासाकडे पाहत नाही. तो गर्दीकडे पाहतो. जेथे मते मोजली जाणार असतात, तेथे कॅमेरा सर्वांत आधी पोहोचतो.

मालिकेकडून मतपेटीकडे

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. ती दाखवणारे सरकार काँग्रेसचे होते, हे आज अनेकांच्या स्मरणात नाही. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि दूरचित्रवाणी संचाला हार घातले जात. हा श्रद्धेचा ओघ कोणत्याही पक्षाने निर्माण केलेला नव्हता. तो समाजाच्या अंतःकरणात आधीच होता. मालिकेने त्याला फक्त वाट करून दिली.

परंतु त्या वाटेवर राजकारण यायला वेळ लागला नाही. १९९१ साली सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण साकारणारे अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून लोकसभेवर निवडून गेले. ‘महाभारता’तील श्रीकृष्ण, मराठमोळे नितीश भारद्वाज, १९९६ साली जमशेदपूरचे खासदार झाले. पडद्यावरचे राम, अरुण गोविल, मेरठमधून लोकसभेत पोहोचले ते २०२४ साली. रावण संसदेत आधी गेला आणि राम तेहतीस वर्षांनी! हे सर्व भारतीय जनता पक्षाचे उमेदवार होते, म्हणून त्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भूमिकेचे तेज आणि लोकप्रतिनिधीचे कर्तृत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तो फरक विसरला की काय होते, हे उत्तर मुंबईने २००४ साली दाखवून दिले. संसदेत ‘वंदे मातरम्’चे गायन सुरू व्हावे यासाठी झटलेले, वर्षानुवर्षे लोकलच्या प्रवाशांचे प्रश्न लावून धरणारे राम नाईक त्या निवडणुकीत पराभूत झाले, काँग्रेसकडून उभे राहिलेले अभिनेते गोविंदा विजयी झाले. २००९ साली गोविंदा पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि मार्च २०२४ मध्ये ते एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत दाखल झाले. त्याच २००४ साली भाजपने बिकानेरमधून धर्मेंद्र यांना निवडून आणले. तेही पुन्हा मतदारांपुढे गेले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये धर्मेंद्र यांचे निधन झाले, तेव्हा देशाने अश्रू ढाळले ते ‘शोले’तील वीरूसाठी, बिकानेरच्या खासदारासाठी नव्हे. तारे मावळतात तेव्हा लोक त्यांच्या भूमिका आठवतात. मग त्यांना मते दिली ती कशासाठी, याचा हिशेब कोण देणार?

या बाबतीत जालन्याच्या मतदाराचे कौतुक केले पाहिजे. पुंडलिक हरी दानवे यांच्यापासून आजवर या मतदारसंघाने निरनिराळ्या पक्षांना कौल दिला, कधी चुकला, कधी सावरला. पण एकाही नटाला त्याने लोकसभेत धाडले नाही.

वारा येईल तशी पाठ

एक काळ असा होता की मराठी चित्रपट सत्तेला प्रश्न विचारत असे. ‘सामना’ने साखरसम्राटाला आरशासमोर उभे केले, तर १९७९ सालच्या ‘सिंहासन’ने मंत्रालयातील खुर्चीचा खेळ उघडा पाडला. निळू फुले विचाराने राष्ट्र सेवा दलाचे. तरीही त्यांनी रंगवलेला गावपुढारी पाहताना कोणत्याही पक्षाच्या प्रेक्षकाला आपल्या तालुक्यातला कोणीतरी आठवत असे. २००९ साली ते गेले आणि तो धाकही पडद्यावरून ओसरला.

आज वारा बदलला आहे. ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’, ‘तान्हाजी’, ‘छावा’ अशी ऐतिहासिक चित्रपटांची मालिकाच लागली आहे. शिवशंभूंचे चरित्र नव्या पिढीपर्यंत पोहोचते आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु कार्यकर्त्याने या आनंदात गाफील राहू नये. जो निर्माता आज वाऱ्याकडे पाहून भगवा फडकवतो, तो उद्या वारा फिरला की तोच ध्वज गुंडाळून ठेवील. निष्ठा आणि मागणी यांतील भेद ज्याला कळत नाही, तो टाळ्यांनाच विजय समजतो.

जी कथा कोणी सांगितली नाही

आता जालन्याकडे पाहावे. देशात १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकला. मराठवाड्यात तो निर्भयपणे फडकण्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. मधल्या काळात रझाकारांनी गावेच्या गावे धाकात ठेवली. जालन्याच्या हुतात्मा जनार्दनमामांचे नाव शहरातील चौकाला आहे, पण त्या चौकातून रोज जाणाऱ्या किती मुलांना ते कोण होते हे सांगता येईल? १३ सप्टेंबरला भारतीय सेना निजामी हद्दीत शिरली. जालना शहर राखण्यासाठी गुरख्यांची एक तुकडी मागे ठेवून उरलेले सैन्य लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे, पुढे सरकले. ज्या पडद्याला युद्धपटांची एवढी आवड आहे, त्याला हे रणक्षेत्र दिसलेच नाही.

जालन्याबाहेर पाहिले तर या लढ्यातील एकेक प्रसंग म्हणजे तयार पटकथाच आहे. १९३८ साली तेव्हाच्या औरंगाबादेत आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना शिक्षणासाठी नागपूर गाठावे लागले. ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली आणि त्या पैशाचा चोख हिशेब ठेवला! ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लेखणी चालवली, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. ही लढाई एका धर्माची दुसऱ्याशी नव्हती, तर राष्ट्राची जुलमाशी होती, हे या एका बलिदानावरून कळते. २०२४ साली तेलुगूत ‘रझाकार’ हा चित्रपट आला; त्याच्या गुणदोषांवर वाद झाले, पण निदान विषय तरी मांडला गेला. मराठीत मात्र या लढ्यावरची अशी एकही कलाकृती नाही, जिचे नाव घराघरांतले शाळकरी मूल सांगू शकेल. मराठवाड्याची बोली पडद्यावर आली ती बहुधा हशा पिकवण्यासाठी. मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या कलावंताने तिला नायकाच्या मुखी बसवले खरे, पण बोलीमागची वेदना बाहेरच राहिली.

कोणी म्हणेल, निर्माता धर्मादाय संस्था चालवत नाही. खपेल तेच तो दाखवणार. मान्य! मग खपेल काय, हे ठरवणारा प्रेक्षक कोण आहे? ऑगस्ट २०२२ मध्ये समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांबसमर्थ येथे, मंदिरातील मूर्ती चोरीस गेल्या तेव्हा वाहिन्या धावत आल्या. मूर्ती सापडल्या आणि कॅमेरे परत गेले. चोरी झाली तरच जांबसमर्थ आठवावे, एरवी नाही, ही सवय प्रेक्षकानेच लावून दिली आहे.

म्हणून काम घरापासून सुरू व्हायला हवे. मुक्तिसंग्राम पाहिलेली पिढी जवळजवळ संपत आली आहे. जे थोडे वृद्ध उरले आहेत, त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला मुंबईच्या निर्मात्याची परवानगी लागत नाही. हातातला मोबाइल पुरतो. १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदनानंतर जनार्दनमामांवर दहा मिनिटांची नाटिका बसवता येते, गणेशोत्सवात उमरीचा प्रसंग देखाव्यात मांडता येतो. ज्या समाजाला आपली कथा स्वतः सांगता येते, त्याच्या दारात निर्माता आपण होऊन येतो. ज्याला ती सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या पडद्यावर स्वतःला शोधत बसावे आणि सापडलो नाही म्हणून तक्रारही करू नये.