चारच चित्रे

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. तेव्हा रुंद चित्रे घेणाऱ्या फिल्म-कॅमेऱ्यांविषयी मी मत मांडावे, याचे मित्रांना हसू येते. पण निवड करण्यासाठी वस्तू विकतच घ्यावी लागते, असे थोडेच आहे?

या कॅमेऱ्यांत दोन जाती आहेत. नोब्लेक्सचे भिंग फिरते. ते मोठा विस्तार टिपते, पण सरळ भिंत वाकलेली दिसते. १९८३ साली आलेल्या फुजी जी-६१७ चे भिंग स्थिर असते, त्यामुळे रेषा सरळ राहतात. मात्र १२० च्या एका रोलवर चारच चित्रे मिळतात. ६×९ च्या कॅमेऱ्यावर आठ निघतात. "तोच घ्यावा आणि चित्राचा वरचा-खालचा भाग कापावा," असे जाणकार सांगतात. हिशेब चुकीचा नाही.

तरीही मी चार चित्रांच्या बाजूचा आहे. कापणे नंतरचे, पाहणे आधीचे. योसेफ कौदेल्का यांनी १९८६ पासून ही रुंद चौकट वापरली. बोहेमियातील खाणींनी उजाड झालेली जमीन त्यांनी 'ब्लॅक ट्रँगल' (१९९४) मध्ये दाखवली. एवढी जमीन आधी नजरेत मावावी लागते, मग चौकटीत.

माझे वडील दुसऱ्याच्या रानात टोकणी करतात. बी मालक मोजून देतो. एक दाणाही वाया घालवून चालत नाही. त्यांनी कॅमेरा कधी हाती धरलेला नाही, पण चारच चित्रे का पुरतात, हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही. मोजक्यात भागवणे ही आमची जुनीच विद्या. मग ही कला आमची नव्हे, असे कोणी का म्हणावे?