दोष पडद्याचा नव्हे

सिनेमाने पोरे बिघडतात, हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत मी इतक्यांदा ऐकले आहे, की ते आता फळ्यावरच्या सुविचारासारखे वाटू लागले आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला आणि या सुविचाराला नवे बळ चढले. त्याच वर्षीच्या जुलैत आमच्या नव्या मुंबईत, नेरुळमध्ये, एका किशोरवयीन दलित मुलाचा मारहाणीत जीव गेला. दुसऱ्या जातीतल्या मुलीशी त्याचे प्रेम होते, असे सांगण्यात आले. मुलीच्या नातलगांना अटक झाली. तेव्हा एक सहकारी चहाचा पेला खाली ठेवीत म्हणाले, “पाहिलंत? सिनेमाचा परिणाम!”

मी विचारले, “कोणावर? प्रेम करणाऱ्यावर की मारणाऱ्यांवर?”

उत्तर आले नाही.

प्रेम करायला पोरांना सिनेमा लागत नाही. जातीपायी जीव घ्यायलाही कोणाला लागलेला नाही. ‘सैराट’च्या शेवटी आर्ची आणि परश्या हैदराबादेत मारली जातात, रक्ताळल्या पावलांनी त्यांचे मूल बाहेर पडते, आणि संगीत थांबलेले असते. ही शिकवण नव्हे, साक्ष आहे. आपण मात्र ‘झिंगाट’ तेवढे उचलले. वरातीत त्यावर मनसोक्त नाचलो. ती वरात जातीबाहेर जाणार नाही, याची खात्री स्थळ पाहतानाच करून घेतली होती!

शहरात जात विरघळते, असे म्हणणाऱ्यांनी आमचे नगर पाहावे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठी आखीव वसाहती उठल्या. सेक्टर, प्लॉट, सगळ्याला आकडे. आकड्यावरून जात कळत नाही, म्हणून घरमालक आडनाव विचारतो. आकडे नवे, चौकशी जुनीच.

जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. शाळेत आम्ही त्यांची जयंती साजरी करतो; भाषणांत एवढा मुद्दा तेवढा गळतो. पालक रागावतील ना! हा भ्याडपणा माझाही आहे. माझ्या कादंबऱ्यांतल्या प्रेमिकांना आडनावेच नसतात. वाचकांना ते तरल वाटते. खरे तर ती पळवाट आहे. मंजुळे यांनी पाटील आणि काळे अशी आडनावे दिली, हाच त्यांचा अपराध.

तेव्हा मास्तरहो, पडद्याला बोल लावणे पुरे. उद्या वर्गातली दोन पोरे एकमेकांकडे पाहून हसली, तर घरी चिठ्ठी धाडण्यापूर्वी क्षणभर थांबा. ती चिठ्ठी कोणाच्या हाती पडेल, हे आपल्याला पक्के ठाऊक असते.