लाजेपायी गमावलेले गुण

बास्केटबॉलच्या सामन्यात पंचांची शिट्टी वाजते, सारी धावपळ थांबते आणि एक खेळाडू चेंडू घेऊन एकटाच रेषेवर उभा राहतो. त्याला अडवायला समोर कोणीही नसते. फळी १५ फुटांवर, कडी १० फूट उंच. हाच ‘फ्री थ्रो’.

चेंडू कडीत टाकू पाहणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याने ढकलले किंवा हातावर मारले, की भरपाई म्हणून ही संधी मिळते. तरीही चेंडू कडीतून गेला, तर ते गुण पदरात पडतातच, वर एक फ्री थ्रो. हुकला तर दोन. तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकलेला असेल तर तीन. प्रत्येक अचूक फेकीला एक गुण.

एक गुण म्हणजे किरकोळ वाटेल, पण अटीतटीच्या सामन्याचा निकाल बरेचदा इथेच लागतो. वेळ संपत आली, की पिछाडीवरचा संघ मुद्दाम फाऊल करतो. त्यामुळे घड्याळ थांबते आणि चेंडू परत मिळण्याची आशा निर्माण होते. अर्थात, फाऊलसाठी ज्याची नेम कच्ची, असाच गडी हेरला जातो!

अमेरिकेचा सात फुटी विल्ट चेंबरलेन असाच कच्चा होता. १९६१-६२ च्या हंगामात त्याने पद्धत बदलली. दोन्ही हातांनी चेंडू धरायचा, गुडघ्यांमधून झुलवायचा आणि खालून वर अलगद सोडायचा. २ मार्च १९६२ रोजी त्याने न्यूयॉर्कविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्या दिवशी ३२ पैकी २८ फ्री थ्रो कडीत गेले. पुढे मात्र त्याने ही पद्धत सोडून दिली. तसे फेकताना आपण बायकी दिसतो, अशी त्याला लाज वाटे. हे चुकलेच, अशी कबुली त्याने नंतर आत्मचरित्रात दिली. कारकिर्दीत त्याचे जवळजवळ निम्मे फ्री थ्रो वाया गेले.

रिक बॅरीने मात्र लोकांच्या हसण्याची पर्वा केली नाही. तो आयुष्यभर तसाच फेकत राहिला आणि एनबीएमध्ये त्याचे दहापैकी जवळजवळ नऊ फ्री थ्रो अचूक ठरले. दोन्ही हात सारखेच चालत असल्याने चेंडू सरळ जातो आणि कडीवर हलकेच उतरतो, इतके साधे गणित आहे ते.

शॅकिल ओनील हाही असाच धिप्पाड, आणि फ्री थ्रोत तितकाच कच्चा. प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे त्याच्यावर जाणूनबुजून फाऊल करत. बॅरीची पद्धत वापरण्याचा विषय निघाला, तेव्हा खालून फेकण्यापेक्षा एकही गुण न मिळालेला परवडला, असे त्याने साफ सांगितले.