नुसती कळ दाबून भागत नाही

"प्रतिसाद कशाला लिहीत बसायचं? आवडलं तर लाइक करावं आणि पुढे जावं," असं म्हणणारे आता पुष्कळ झाले आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. एका लेखाखाली शंभर जणांनी 'छान', 'मस्त' लिहिलं, तर एखाद्याने कष्टाने मांडलेला मुद्दा त्यात बुडून जातो. स्टॅक ओव्हरफ्लोवर तर संकेतच असा आहे की नुसते आभार मानायला टिप्पणी लिहू नका. उत्तर उपयोगी पडलं तर मत द्या, अडचण सुटली तर उत्तर स्वीकारल्याची खूण करा. तिथे ते योग्यच आहे. तीच अडचण घेऊन उद्या येणाऱ्याला ती हिरवी खूण कामाची असते.

पण प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांचा हा न्याय प्रवासवर्णनाला, आजारपणाच्या अनुभवाला, कथेला, पाककृतीला लावू लागलात, की माझा विरोध आहे. फेसबुकने २००९ साली लाइकचं बटण आणलं, २०१६ मध्ये त्याला बदाम, हसू आणि अश्रू जोडले. व्हॉट्सअ‍ॅपवरही २०२२पासून निरोपाला चिन्ह चिकटवता येतं. एवढ्या सोयी झाल्या, तरी लिहिणाऱ्याला कळतं ते इतकंच की किती जण येऊन गेले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं का, कुठे थबकले, काय खटकलं, याचा पत्ता लागत नाही. मग तो आकड्यावरून अंदाज बांधतो आणि ज्याला आकडा मिळाला तेच पुन्हा पुन्हा लिहितो. चांगली लिहिणारी माणसं अशाने एकसुरी होतात.

मराठी संस्थळांवर आपण दाद द्यायला स्वतःची भाषाच घडवली होती. 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा), 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), 'तोंपासु' (तोंडाला पाणी सुटलं), 'वाखूसा' (वाचनखूण साठवली), 'अगदी अगदी'. याही बटणासारख्या नुसत्या खुणाच आहेत, असं कुणी म्हणेल. सगळ्या सारख्या नाहीत. 'पुभाप्र' म्हणणारा निदान पुढचा भाग मागतो, आणि अर्धवट राहिलेल्या कितीतरी लेखमाला केवळ त्या मागणीपोटी पुऱ्या होतात. 'तोंपासु' मात्र कुठल्याही पाककृतीखाली चालतं.

समजा, कुणी उकडीच्या मोदकांची कृती लिहिली. खाली वीस जणांनी 'तोंपासु' लिहिलं. एकीने लिहिलं, "माझी पारी दर वेळी कडेला चिरायची. तुम्ही सांगितलंत तशी उकड गरम असतानाच तेलापाण्याचा हात लावून मळली. या चतुर्थीला एकही मोदक फुटला नाही. आमची पिठी जुन्या तांदळाची होती, म्हणून पाणी थोडं वाढवावं लागलं." आता कृती लिहिणारीला कळलं की तिचं नेमकं कुठलं वाक्य कामी आलं. तिसऱ्या वाचणारीला जुन्या तांदळाची खबर मिळाली. चार वाक्यांत आभार मानले गेले आणि मूळ लेखनात भरही पडली. मला हवी आहे ती ही दाद. गाण्याच्या बैठकीत 'क्या बात है' नेमक्या जागेवर आलं, तरच गाणाऱ्याला कळतं की समोरचा ऐकतो आहे, तसंच हे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. कौतुकाने लेखक बिघडतो, त्यापेक्षा चुका दाखवाव्यात. चुका जरूर दाखवाव्यात. पण आयुष्यात पहिल्यांदा चार परिच्छेद लिहिणाऱ्याला पहिलाच प्रतिसाद ऱ्हस्वदीर्घाचा मिळाला, तर तो दुसऱ्यांदा लिहीत नाही. मायबोली या संस्थळावर विपू (विचारपूस) आहे, मिसळपाववर व्यनि (व्यक्तिगत निरोप) आहे. शुद्धलेखन तिथे हळूच सांगता येतं. आणि बिघडवतं ते मोघम कौतुक. "तिसऱ्या परिच्छेदात एसटी स्टँडचं वर्णन उभं राहिलं, शेवट मात्र घाईत उरकलात," हे वाचून कुणी बिघडत नाही. चूक दाखवणाऱ्याने अमुक एक गोष्ट जमली आहे हेही तितक्याच नेमकेपणाने सांगावं, एवढाच माझा आग्रह आहे. बटणालासुद्धा हा नेमकेपणा देता येतो. विकिपीडियावर २०१३पासून 'धन्यवाद' म्हणायची जी सोय आहे, ती एका विशिष्ट संपादनापुढे असते. कुणी संदर्भ जोडला, कुणी चुकलेलं साल सुधारलं, त्या बदलाबद्दल त्या माणसाला धन्यवाद पोचतात.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त खुपतो. लेख पुढे पाठवला, यापरतं कौतुक कोणतं, असं लोक विचारतात. पण पाठवताना नाव गळतं. खाली 'साभार', 'अनामिक', नाही तर सरळ 'व्हॉट्सअ‍ॅपवरून' असं येतं. पुलंच्या आणि कुसुमाग्रजांच्या नावावर त्यांनी कधीच न लिहिलेला मजकूर किती वर्षं फिरतो आहे! त्यात त्या दोघांवर अन्याय आहेच, पण ज्याने तो मजकूर खरोखर लिहिला त्याच्यावर अधिक आहे. आपली ओळ स्वतःच्याच घरच्या ग्रुपवर परक्या नावाने वाचणं, याला कौतुक म्हणणं मला शक्य नाही. दुवा पाठवा. दुवा नसेल तर नावासकट पाठवा. नाव माहीत नसेल तर शोधा, आणि सापडलं नाही तर कुणा थोराचं चिकटवू नका.

राहता राहिला उशीर. "लेख आठ वर्षांपूर्वीचा, आता काय लिहायचं," म्हणून माणसं गप्प बसतात. मायबोली १९९६पासून चालू आहे; तिथल्या जुन्या धाग्यावर आज प्रतिसाद दिला तरी तो धागा वर येतो आणि तो कधीच न वाचलेल्यांच्या नजरेला पडतो. म्हणजे उशिरा आलेला प्रतिसाद त्या लेखाला नवे वाचक मिळवून देतो. ताज्या लेखाखालच्या गर्दीतल्या एकविसाव्या 'तोंपासु'ला ते जमत नाही.