मुक्तेचा निबंध

मुलींना ‘माझी ओळख’ असा निबंध लिहावयास सांगितला म्हणजे काय हातीं येणार, हें मास्तरांस वह्या न उघडतांच सांगतां येतें. रंग गोरा अथवा सांवळा, वडील अमुक कचेरींत, आई प्रेमळ, देवावर श्रद्धा आहे, खोटें बोलणें आवडत नाहीं. आंबेगांव तालुक्यांत, भीमाशंकरच्या वाटेवरील तळेघरास आम्हीं एकदां हाच विषय दिला होता. महादेव कोळ्यांच्या एका मुलीनें आपल्या रूपाविषयीं एक ओळ लिहून उरलेलें सारें पान बाळहिरडा केव्हां वेंचावा, कसा वाळवावा आणि तो विकतांना वजनांत कसें फसविलें जातें यावर खर्च केलें. विषयांतर झालें असें कोणी म्हणेल. आमच्या मतें त्या वर्गांत स्वतःची खरी ओळख तिनेंच करून दिली.

या जातीचा मराठींतील एक जुना निबंध आहे, आणि तो आपल्या घरांतून फारच थोडा वाचला गेला आहे. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग जातीची, वय अवघें चौदा. जोतीराव फुले यांनीं पुण्यांत चालविलेल्या शाळेंत ती तीन वर्षें शिकली. ‘ज्ञानोदय’ पत्रानें तो १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें दोन हप्त्यांनीं छापला. विषय, मांगमहारांचें दुःख.

आपण गोरी कीं काळी हें मुक्ता सांगत नाहीं. देहाविषयीं मात्र ती पुष्कळ बोलते: डोक्यावर छप्पर नसतां थंडीवाऱ्यांत बाळंत होणाऱ्या बायकांचा देह, रोग जडला तर वैद्यास द्यावयास पैसा नसलेल्यांचा देह. इमारतीच्या पायांत तेलशेंदूर पाजून माणसें पुरीत, तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांगमहाराच्या शिराचा चेंडू करीत, असें ती पेशवाईविषयीं लिहिते. आपल्या घरांत पेशवाईच्या गोष्टी आजोबा सांगतात, त्यांत हें येत नाहीं.

परंतु आम्हांस थांबविलें तें तिच्या धर्मविचारानें. आम्ही न्यायशास्त्राचीं कांहीं पानें घोकलेलीं आहेत. या पोरीनें तीं पाहिलींही नव्हतीं. तरी तिचा युक्तिवाद पाहा. ब्राह्मण म्हणतात, वेद आमचेच, इतरांनीं ते पाहूंही नयेत. तर मग आमच्यापाशीं धर्मपुस्तकच नाहीं, हें उघड झालें. मुसलमान कुराणाच्या आधारें चालतात, इंग्रज बायबलाच्या, ब्राह्मण वेदांच्या. आम्ही कोणाच्या आधारें चालावें? देवा, आमचा धर्म कोणता तो आम्हांस कळव, असें ती मागते. ज्या धर्मांत एकानेंच भोगावें आणि बाकीच्यांनीं तोंडाकडे पाहत बसावें, तो पृथ्वीवरून नाहींसा होवो, असेंही म्हणते.

पत्र मिशनऱ्यांचें, तेव्हां बोलविता धनी निराळा असेल, ही शंका आमच्या एका स्नेह्यांनीं काढली. असो बापडा! पूर्वपक्ष कोणाच्या मुखीं आहे यावरून त्याचें खंडन होत नसतें, हें तर आपणच शिकवीत आलों. वेदाध्ययनाचा अधिकार जन्मावर ठेविला, आणि ज्यांस तो नाकारला त्यांस त्याच धर्माच्या बंधनांत मात्र ठेविलें, यावर उत्तर काय? आमच्यापाशीं तें नाहीं.

ती केवळ आपल्यावरच तुटून पडते असेंही नाहीं. आपल्या लोकांसही ती बजावते, कीं तुमच्या रोगावर ज्ञान हेंच औषध आहे, मुलांस शाळेंत घाला. तीन वर्षांच्या शाळेनंतर हें लिहिलें गेलें. आमच्या हाताखालून दहा-दहा वर्षें शिकून गेलेले विद्यार्थी आम्हांस आठवतात. त्यांचें अक्षर सुरेख असे.

निबंध लहानसा आहे, रात्रीं जेवणें उरकल्यावर एका बैठकींत वाचून होईल. मोठ्यानें वाचावा आणि तालीमखान्याचा भाग लहानांसाठीं गाळूं नये. मध्येंच मुक्ता ज्ञानी पंडितांना हांक मारून ऐकावयास सांगते. तेथें मुलें विचारतील, आजोबा, हे पंडित म्हणजे कोण?