संलयनाची उष्णता जाणार कुठे?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात. त्या भर उन्हात एका चौरस मीटर जमिनीवर साधारण एक किलोवॉट ऊर्जा पडत असते. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या संलयन यंत्रात ‘डायव्हर्टर’ नावाच्या भागाला याच्या दहा हजार पट, म्हणजे चौरस मीटरला १० मेगावॉट मारा सतत सोसावा लागेल. अधूनमधून तो २० मेगावॉटपर्यंतही जाईल. संलयनातून वीज मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी या एका भागावर ठरणार आहे.

टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचे पोकळ पात्र. त्यात हायड्रोजनची दोन रूपे, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, सुमारे १५ कोटी अंशांपर्यंत तापवून एकत्र आणायची असतात. इतका तप्त प्लाझ्मा कोणत्याही भांड्यात राहणार नाही, म्हणून तो चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून दूर धरतात. तरीही उष्णता काठावरून झिरपतेच. ती काही मिलिमीटर जाडीच्या थरातून वाहत तळाशी असलेल्या डायव्हर्टरवर आदळते.

तेथे टंगस्टन वापरतात, कारण तो ३,४२२ अंशांना वितळतो. त्याच्या आतून पाण्याच्या नळ्या जातात. पण केवळ धातूवर भागत नाही. पाटाचे सगळे पाणी एकाच सरीत सोडले तर बांध फुटतो, दहा सऱ्यांत वाटले तर पीक भिजते. इथेही तेच करतात. काठावरच्या प्लाझ्मात थोडा निऑन किंवा नायट्रोजन सोडला की उष्णतेचा मोठा वाटा प्रकाशरूपाने मोठ्या भिंतीवर पसरतो. वायू जास्त झाला तर मात्र प्लाझ्माचा गाभाच थंडावतो. सगळी कसोटी या तोलाची आहे.

म्हणून ‘कृत्रिम सूर्य’ अशा मथळ्याची बातमी वाचताना तापमानाच्या आकड्याने दिपून जाऊ नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ यंत्राने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. त्याचे खरे मोल हे की तेवढा वेळ पाण्याने थंड ठेवलेल्या टंगस्टनच्या डायव्हर्टरने उष्णता सोसली. पुढच्या प्रत्येक विक्रमालाही हाच प्रश्न विचारावा : उष्णता कुठे गेली आणि भिंतीचे काय झाले?

भारत या कामात बघ्या नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून ‘आदित्य’ टोकामॅक चालले. इटरचे अवाढव्य क्रायोस्टॅट भारताने दिले, शीतजल यंत्रणेची जबाबदारीही भारताकडे आहे. आता भर द्यायला हवा तो उष्णता सोसणारे धातू, त्यांची जोडणी आणि शीतकरण यांवर. ही कामे केवळ अणुशास्त्रज्ञांची नाहीत. धातुशास्त्र आणि यांत्रिकी शिकणाऱ्या विदर्भातल्या मुलामुलींचीही आहेत. टंगस्टनचे खनिज तर शेजारच्या नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात आढळलेले आहे.

आणखी एक गोष्ट विदर्भाने विसरू नये. भिंतीवरून काढलेली उष्णता शेवटी पाण्यात किंवा हवेतच जाते. वाफेवर वीज करणारे कोणतेही केंद्र, कोळशाचे असो वा संलयनाचे, मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग बाहेर टाकते. अप्पर वर्धा धरणाचे पाणी नांदगावपेठच्या औष्णिक प्रकल्पाला देण्यावरून झालेला वाद आपण पाहिला आहे. संलयनात कोळशाचा धूर आणि राख नसेल, पण पाण्याचा हिशेब टळणार नाही. अशा केंद्राला अजून बराच अवकाश आहे. तोपर्यंत समुद्राचे पाणी, हवेने थंड करण्याची पद्धत आणि जागेची निवड यांचा विचार आराखड्यातच व्हायला हवा. शेतकऱ्याच्या कालव्याकडे बोट दाखवण्याची वेळ येऊ नये.