उडवलेले पैसे

पैसे उडवणे या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः अर्थ आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी केला नसेल. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी एका ग्लायडरमध्ये, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानात, तिसरा हिस्सा विकत घेतला. ग्लायडर १९८३ सालचे. माझ्या मुलाहूनही वयाने मोठे. माझ्या वाट्याला आलेली रक्कम सात हजार युरो, रुपयांत सात लाखांच्या आसपास. बातमी पुण्याला कळवली तेव्हा दादाने फोनवर एकच प्रश्न विचारला, "कशाला?"

प्रश्न रास्तच होता. फक्त त्याच फोनवर दादाने वाघोलीला घेतलेल्या तिसऱ्या फ्लॅटची हकीकतही सांगितली होती. फ्लॅट बंद आहे, भाडेकरू ठेवायचा नाही, मुले परदेशात. त्याला मी "कशाला?" असे विचारले नाही, आणि विचारले असते तर तो दुखावला असता. मी इथे जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. दारात उभी असलेली गाडी माझ्या ग्लायडरच्या हिश्श्याच्या चौपट किमतीची आहे आणि उभ्या उभ्याच तिची किंमत उतरते आहे. तिच्याबद्दलही कुणी चौकशी केली नाही. आपल्या मध्यमवर्गात सोने, जागा आणि गाडी यांना खुलासा द्यावा लागत नाही. खुलासा द्यावा लागतो तो छंदाला, आणि त्यातही माणूस साठीचा असेल तर जरा जास्तच.

माझा खुलासा १९८२ सालापासून सुरू होतो. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सदाशिव पेठेतून सायकल मारत हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर जात असे. तिथे 'रोहिणी' होती. नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात आपल्याच लोकांनी ग्लायडर बनवले आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली: १९५८ सालची अश्विनी, मग भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. सरकारी खात्याला एवढे रसिक नाव सुचावे याचे मला आजही नवल वाटते. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसत. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे तार गुंडाळणारे मोठे यंत्र. तार ताणली गेली की मुलाने पतंगाला ढील देऊन ओढावे तसे ग्लायडर वर चढते, मग तार सोडायची, आणि एकदम जी शांतता होते ती मी चाळीस वर्षे विसरलो नाही. पुढचे काम घारींकडे बघत करायचे. जिथे घार पंख न हलवता गोल फिरते तिथे तापलेली हवा वर चढत असते. आपणही तिच्या चकरेत शिरायचे.

तिथेच कुणीतरी आणलेल्या एका परदेशी मासिकात मी एलएस-४ चा फोटो पाहिला. फ्रँकफर्टजवळच्या एगेल्सबाखला रोलाडेन-श्नायडर नावाची कंपनी होती. रोलाडेन म्हणजे खिडकीवरची गुंडाळती झडप. घराण्याचा मूळ धंदा तोच. एल हा आराखडा करणाऱ्या वोल्फ लेम्केचा आणि एस श्नायडरचा. १९८० साली हे ग्लायडर प्रथम उडाले, पुढे हजाराहून अधिक बनले. काचतंतूचे अंग, टोकापासून टोकापर्यंत पंधरा मीटर पंख. हवा स्थिर असेल तर एक किलोमीटर उंचीवरून ते चाळीस किलोमीटर लांब घसरत जाते. हडपसरवरून निघाले तर सरळ रेषेत जेजुरी त्याच्या आतच येते. हा हिशेब मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर केला होता.

वडिलांनी ती वही पाहिली. परीक्षा दोन महिन्यांवर होती. "आधी पायावर उभा राहा, मग उड," एवढेच म्हणाले. ते चुकले असे मी म्हणणार नाही. पोस्टातल्या पगारावर तीन मुले शिकवणाऱ्या माणसाने आणखी काय म्हणायचे? चूक झाली ती माझी. मी पायावर उभा राहिलो, आणि उभाच राहिलो. नोकरी, लग्न, परदेश, घराचे कर्ज, मुलाचे शिक्षण. पुन्हा ग्लायडरमध्ये बसलो तो थेट २००९ साली, इथल्या एका क्लबात, चौदा वर्षांच्या पोरांच्या रांगेत. इथे चौदाव्या वर्षी एकट्याने उडता येते. पहिल्या महायुद्धानंतर या देशाच्या विमानबांधणीवर तहाने बंधने घातली, तेव्हा तरुणांनी बिनइंजिनाचा मार्ग धरला. १९२० साली वासरकुप्प या डोंगरावर ग्लायडरांची पहिली स्पर्धा भरली, आणि तेव्हापासून हा इथल्या गावोगावचा खेळ आहे.

"नंतर" हा आपला फार लाडका शब्द. पैशाच्या बाबतीत तो शहाणपणाचा आहे, कारण पैसा थांबतो, कधीकधी वाढतोही. शरीर थांबत नाही. मला दर दोन वर्षांनी वैमानिकांच्या डॉक्टरकडे जावे लागते. डोळे, कान, रक्तदाब. एखाद्या खेपेला ते मान हलवतील आणि तिथे विषय संपेल. बंद फ्लॅट माझ्या मुलाला मिळू शकतो. माझी उरलेली दहा-एक वर्षे त्याला देता येणार नाहीत.

पण सगळे युक्तिवाद माझ्या बाजूचे आहेत असे नाही. बायकोचा आक्षेप पैशाचा नव्हताच. ती म्हणाली, "अहो, यात माणसे मरतात." मरतात. ग्लायडिंगचा आद्य पुरुष ओटो लिलिएनथाल १८९६ साली पडूनच गेला, आणि आजही दरवर्षी कुठे ना कुठे अपघात होतात. हे मी तिच्यापासून लपवले नाही आणि वाचकांपासूनही लपवत नाही. तिच्या अटी मी मान्य केल्या: शंका आली तर उडायचे नाही, आणि उतरल्यावर आधी तिला फोन.

तो फोन गेल्या जुलैत मला एका शेतातून करावा लागला. दुपारी चारनंतर ढगांनी ऊन झाकले, वर चढणारी हवा बंद पडली आणि विमानतळ पंचवीस किलोमीटरवर राहिला. कापणी झालेले गव्हाचे शेत निवडून मी उतरलो. याला अपघात म्हणत नाहीत, हा खेळाचाच भाग आहे. पण शेताच्या मालकाला ते कसे पटवायचे? तो ट्रॅक्टरवरून आला, चाकाची रेघ पाहिली, आणि पिण्याचे पाणी घेऊन आला. दोन तासांनी बायको गाडीला दहा मीटर लांब ट्रेलर जोडून हजर. तिने आयुष्यात ट्रेलर ओढला नव्हता. सोबत आमची भागीदार, चौतीस वर्षांची परिचारिका. तिसरे भागीदार निवृत्त शिक्षक. चौघांनी, शेतकऱ्यासकट, पंख उतरवून ट्रेलरमध्ये सरकवले. मी दोनदा माफी मागितली. ती म्हणाली, "आधी पंख नीट धरा."

या विमानाचा मालक होणे म्हणजे काय ते मला त्या शेतात कळले. ते एकट्याने जोडता येत नाही, एकट्याने जमिनीवरून उठवता येत नाही. कुणीतरी पंखाचे टोक धरून चार पावले पळावे लागते, कुणीतरी विंचवर बसावे लागते. आतल्या दांड्याने पंखावरची फळी खरोखर हलते का, हे पाहायलाही बाहेर दुसरा माणूस लागतो. माझी पाळी नसते त्या रविवारी मी दुसऱ्यांचे पंख धरून पळतो. साठीत ही कसरत फ्लॅटच्या कुलपापेक्षा बरी, असे दादाला मी सांगितले. त्याला पटलेले नाही. दिवाळीनंतर तो इथे येतो आहे. पण नोव्हेंबरात हवा थंडावलेली असते आणि ग्लायडर ट्रेलरमध्ये बंद असते, त्यामुळे त्याला दाखवायला माझ्याकडे फक्त ट्रेलर असेल.

कॉकपिटच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. विमान वाऱ्यात सरळ चालले आहे की तिरके, ते तो दाखवतो. एवढ्या सगळ्या यंत्रांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरे हेच. गेल्या मोसमात जुना धागा विरला होता. मी दुकानातून आणणार होतो. बायकोने विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर काढली, वीतभर कापली आणि विचारले, "एवढा पुरेल ना?"